हवालदारनाना आणि चव्वेचाळीस बोर

हवालदारनाना कधी कुणाच्या समोर बसले नाहीत. पंगतीत कडेला बसायचे, पारावर बाजूला बसायचे. आमच्या घरी आले की ते आणि माझे वडील दाराकडं तोंड करून शेजारी शेजारी बसत आणि दोघं दाराशीच बोलत, एसटीच्या एका बाकावर बसलेल्या दोन अनोळखी माणसांसारखे. माझं लग्न होऊन बायको घरात आली तेव्हा तिला महिनाभर वाटत होतं, दोघा भावांत अबोला आहे. तसं काही नव्हतं. नाना एकवीस वर्षं फौजेत आर्मोरर होते, म्हणजे पलटणीच्या बंदुका उघडायच्या, दुरुस्त करायच्या, परत जोडायच्या. ज्या टेबलावर दिवसभर दुसऱ्यांच्या बंदुका पडलेल्या असतात त्याच्या समोर शहाणा माणूस बसत नाही. ती सवय नानांनी पेन्शनीबरोबर गावी आणली.

गाव आमचं बीड जिल्ह्यात, उमापूरच्या अलीकडं. नाना माझे सख्खे चुलते, वडिलांच्या पाठचे. फौजेतून आल्यावर गावातल्या सहकारी बँकेच्या शाखेत गार्ड म्हणून लागले. बँकेची बारा बोरची एकनळी बंदूक खांद्याला, आणि नळीचं तोंड कायम समोरच्या लिंबाच्या शेंड्याकडं. त्यांच्या बरोबरीचे लोक येता-जाता डिवचायचे, "हवालदार, काडतूस हाय का बे आत, का नुस्तीच मिरवाया?" नानांचं उत्तर ठरलेलं. "हाय असं समजायचं. न्हाई असं समजून मेलेले म्या लई बगितलेत." हे ते इतक्या थंडपणे सांगत की विचारणारा नकळत एक पाऊल बाजूला व्हायचा, आणि नानांना तेवढंच हवं असायचं.

त्यांचा दुसरा नेम म्हणजे कुठल्याही गोष्टीच्या मागं काय आहे ते आधी बघणं. माझ्या बहिणीच्या स्थळासाठी आम्ही शिरूर कासारला गेलो होतो. मुलगा नोकरीला आहे असं सांगितलेलं. आम्ही सगळे पुढच्या खोलीत पोह्यांच्या बश्या घेऊन बसलो, आणि बघतो तर नाना नाहीत. ते घराला वळसा घालून परसात गेले होते. दहा मिनिटांनी आले, चहा घेतला, आणि गाडीत बसल्यावर वडिलांना म्हणाले, "भाऊ, मागं चुलीपाशी तीन कोयते हायेत, घासून ठिवलेले. ऊस तोडाया जात्यात ह्याला माजी ना न्हाई. आपल्याला सांगितलं कावून न्हाई?" ते स्थळ तिथंच राहिलं. बहीण पुढं चांगल्या घरी पडली, पण त्या घरचंही परस नानांनी बघून घेतलं होतंच.

आता माझ्या बंदुकीकडं येतो. ती सांगायची तर आधी दुष्काळ सांगावा लागेल.

त्याच्या आदल्या वर्षी पाऊस पाहुण्यासारखा येऊन गेला होता, त्या वर्षी तेवढाही आला नाही. जनावरांना चारा नाही म्हणून आमच्या सोसायटीनं चारा छावणी काढली. मी सोसायटीचा सचिव. छावणीला जागा कोणती द्यायची ते ठरावात लिहिलं मी, गट नंबर टाकला मी, नकाशावर लाल पेन्सिलीनं चौकोन काढला तोही मीच. गावच्या उगवतीचं गायरान. वडील आमची बैलजोडी, गाय आणि कालवड घेऊन तिकडंच राहायला गेले, कारण जनावरं तिथं सोडून घरी झोपायला येईल तर तो आमचा बाप कसला. मी रोज स्कूटरवर त्यांचा डबा घेऊन जायचो. गावातून बाहेर पडायचं, पाझर तलावाचा बांध धरायचा, मग गायरान. साडेचार किलोमीटर.

आमच्या रानातल्या विहिरीला थोडं पाणी होतं. त्यावर मी एक एकर उन्हाळी भुईमूग केला. चार कोसांत हिरवं म्हणावं असं तेवढंच होतं, त्यामुळं रानडुकरांना पत्ता विचारत फिरावं लागलं नाही. मी डबे वाजवले. फटाके लावले. बुजगावणं उभं करून त्याला माझा सदरा घातला, तर डुकरांनी सदरा फाडला. बायको म्हणाली, "त्यायनी तुमाला वळखलं असंल." मग मी ठरवलं, पीक संरक्षणाचा बंदूक परवाना काढायचा.

डुक्कर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते, हे मला माहीत होतं. नुसत्या परवान्यावर फार तर आवाज करून पळवता येतं, आणि आवाज तर कुठल्याही बंदुकीचा होतो. पण मला कुठलीही बंदूक नको होती. मला लिव्हरची रायफल हवी होती. तिच्या घोड्याखाली एक कडी असते. ती खाली हिसकली की रिकामं काडतूस उडून बाहेर, वर घेतली की भरलेलं आत. लहानपणी जत्रेतल्या तंबूत एका परदेशी सिनेमात घोड्यावरचा माणूस एका हातानं हे करताना मी पाहिला होता, आणि वयाची तिशी आली तरी तो माझ्या मनातून उतरला नव्हता. सोसायटीत कुणी नसलं की मी पंचिंग मशीन उलटं धरून तो हिसका मारून बघायचो. एकदा शिपायानं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं मशीन कपाटात ठेवायला सुरुवात केली.

आणखी एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. बीडच्या बंदुकीच्या दुकानात तेव्हा अशा दोन रायफली विक्रीला होत्या, आणि त्या आमच्याच भागातल्या एका इनामदाराच्या होत्या. त्याच्या नातवाला नको होत्या, म्हणून नातवानंच दुकानात आणून ठेवलेल्या. माझा आज्जा त्याच इनामदाराच्या हाक्याला जायचा. हाका म्हणजे डबे बडवत, ओरडत, जनावर रानातून उठवायचं आणि बंदूकवाल्याच्या पुढ्यात आणून द्यायचं. ज्याच्या ओसरीवर आज्ज्याला पाय ठेवता येत नव्हता, त्याच्या भिंतीवरची रायफल आमच्या बौद्धवाड्यात माझ्या भिंतीवर लागणार, याचं मला आतून लई सुख वाटत होतं.

हा आज्जा एका पायानं लंगडा होता, आणि त्याची गोष्ट आमच्या घरात माझ्या नावावर होती. हाक्यात डुक्कर उलटलं, आज्जा बाभळीवर चढला, चढल्यावर कळलं की बाभळीला काटे असतात, आणि तो डुकराच्या अंगावरच पडला; पाय आज्ज्याचा मोडला आणि पळून डुक्कर गेलं. लग्नकार्यात जेवणं झाली की मला ही गोष्ट सांगायला लावत. मी आज्जाही व्हायचो, डुक्करही व्हायचो, बाभूळसुद्धा. लोक पोट धरून हसत. नाना मात्र गोष्ट सुरू झाली की तंबाखू मळत बाहेर जायचे. मला वाटायचं, त्यांना विनोदाचं वावडं आहे.

परवान्याच्या अर्जात एक रकाना असतो, बोर. म्हणजे नळीच्या भोकाचं माप. दुकानातल्या दोन रायफलींपैकी एक तीस-तीस, दुसरी चव्वेचाळीस. रकान्यात काय लिहू ते कळेना. सोसायटीतले लोक आकडा मोठा असेल तीच घे म्हणाले. त्यांनी आयुष्यभर खताची गोणीही तशीच निवडली होती. मग नानांना रविवारी बीडला घेऊन गेलो.

दुकानदार म्हातारे, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी तीस-तीस काढून काचेवर ठेवली. "देखो मियाँ, ये हिरन को भी चलती, डुक्कर को भी चलती. दूर तक जाती." नानांनी रायफल उचलली, स्वतःशीच "जाँच शस्त्र" हा फौजेतला हुकूम म्हणाले, कडी उघडली आणि मागच्या भोकात अंगठ्याचं नख धरून पुढून नळीत डोळा लावला. नखावर पडलेल्या उजेडात आतली नळी दिसते, हे मला तेव्हा कळलं. तोवर मी समजत होतो, ते मापासाठी बोट घालताहेत.

"नळी चांगली हाय," नाना म्हणाले. "काडतूस दाखवा."

कंपनीचं काडतूस कुठून येणार, चाचा म्हणाले, ते कधीच बंद झालं. बाहेर कुणी कुणी भरून देतात म्हणे, पण ते आपण ठेवत नाही. त्यांच्याकडं कुणीतरी दाखवायला आणलेलं तसलं एक काडतूस होतं, आत दारू नसलेलं, पण वर टोकदार गोळी बसवलेलं. नानांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि मला शाळेतल्यासारखं समजावलं. या रायफलीत काडतुसं नळीच्या खाली एका पोकळ दांडीत झोपलेली असतात, एकाच्या मागं एक. मागच्याचं तोंड पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. आणि काडतूस उडतं ते बुडावर ठोका बसला की. म्हणून हिची गोळी चपट्या तोंडाची लागते. "ही अणीदार घातलीस आन एकांदा धक्का बसला, की डुकराला काय हुनार न्हाई. तुजा डावा हात जाईल."

तीस-तीस तिथंच संपली. मग चाचांनी चव्वेचाळीस काढली. आखूड, जड, दस्ता हाताच्या घामानं काळा झालेला. हिची गोळी मुळातच बोथट, शिशाची. नानांनी ती हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. नळीतही बघितलं नाही. "इनामदाराच्याच का दोन्ही?" त्यांनी विचारलं. चाचा हो म्हणाले. नानांनी रायफल काचेवर ठेवली आणि खांद्यावरच्या टॉवेलनं हात पुसले, एकदा, दोनदा. मला वाटलं, तेल लागलं असेल.

चव्वेचाळीसचा जुना अर्धा डबा शिल्लक होता. नानांनी एकेक काडतूस कानाशी धरून हलवलं आणि तीन बाजूला काढली. "ही आंधळी. दारू गठ्ठा झालीय. ठुस्स वाजत्यात आन गोळी नळीतच बसती. साध्या बंदुकीला मानूस थांबून बगतो काय झालं. हिच्यात हिसका मारायची घाई. मागून दुसरी आली की नळी फुटती." मग माझ्याकडं न बघता, दाराकडं बघत म्हणाले, "लिव्हरचीच घ्यायची तर हीच. घ्यायची का न्हाई, ते रानात गेल्याव ठरंल."

या दोन वाक्यांतलं पहिलं मी ऐकलं. दुसरं माझ्या कानात शिरलंच नाही. सोमवारी सोसायटीच्या कामासाठी बीडला जायचंच होतं. जाताना अर्ज घेऊन गेलो, रकान्यात सुवाच्य अक्षरात "४४" लिहिलं आणि कलेक्टर कचेरीत देऊन पोच घेतली. नानांना बोललो नाही. घरी येऊन कुठल्या भिंतीला खिळा ठोकायचा ते मात्र बघून ठेवलं.

त्या आठवड्यात नाना सकाळी सातलाच दारात. "चल रानात." हातात नुसती काठी.

भुईमुगाच्या मावळतीच्या बांधावर मी राखणीला मचाण केलं होतं. नानांनी मला त्यावर चढवलं आणि काठी हातात दिली. डुकरं कुठून येतात, विचारलं. समोर उगवतीला ओढा होता, तिथून येतात म्हणालो. "मग धर." मी काठी खांद्याला लावून भुईमुगावर नेम धरला. खोटं कशाला सांगू, काठीलाही मी एक हिसका मारलाच. नाना खाली काठीच्या बरोबर मागं उभे राहिले, एक डोळा मिटला आणि समोर कुठंतरी दूर बघून म्हणाले, "ठीक हाय. उतर. आता गोळी कुटं जाती ते बगून यिऊ."

मला वाटलं, बांधापर्यंत जायचं असेल. आम्ही भुईमूग ओलांडला, बांध ओलांडला, ओढ्यात उतरलो. पलीकडं काट्याचं कुंपण आलं. मी डावीकडून वळून जायला लागलो, तर मागून आवाज आला, "गोळी वळसा घालती का?" नानांनी काठीनं काटे दाबून धरले आणि मला मधून जायला लावलं. पुढं बाभळीची रांग होती, तिच्याही मधून. माझी एक चप्पल नांगरटीच्या ढेकळात अडकून तुटली, ती हातात घेतली. नाना साठीला टेकलेले, पण पावलं मोजत एका रेषेत चालत होते. आकडा ते पुटपुटत होते आणि मी मध्ये काही बोललो की हात वर करून गप्प करत होते.

दोन पडकी रानं गेली. जमीन हळूहळू वर चढायला लागली. मला शेणाचा वास आला, मग वैरणीचा, मग बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. चढ संपला आणि समोर ताडपत्र्यांची रांग दिसली. पहिल्याच ताडपत्रीखाली बाज होती. बाजेवर बनियनवर बसून माझे वडील दावं वळत होते. शेजारी आमची कालवड.

मी तिथंच उभा राहिलो. एका पायात चप्पल, एक हातात. रोज डबा घेऊन मी इथंच येत होतो. रस्त्यानं साडेचार किलोमीटर म्हणून मनात छावणी लांब बसली होती, गावाच्या पार पलीकडं. नकाशावर लाल चौकोन मीच काढला होता, आणि त्याच नकाशावर चार बोटांवर माझं रान होतं, ते मी कधी बघितलंच नव्हतं. आम्ही चाललो होतो जेमतेम दीड किलोमीटर.

"भाऊ, पाणी दे," नाना म्हणाले. "गोळी हितवर आली."

वडिलांनी दावं बाजूला ठेवलं. "कुनाची?"

"तुज्या पोराची."

वडिलांनी एकदा माझ्या हातातल्या चपलेकडं बघितलं, उठून माठातलं पाणी आणलं आणि आधी नानांना, मग मला दिलं. कुणी रागावलं नाही. दोघं भाऊ बाजेवर बसले, आलो त्या दिशेला तोंड करून. मी खाली बसलो. नानांनी तंबाखू काढली. "आज्जा लंगडा कावून झाला," त्यांनी मला विचारलं, "इचारलंस का कदी?"

मी म्हणालो, बाभळीवरून पडला.

नाना वडिलांकडं वळले. कुणाकडं तोंड वळवून बोलण्याची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. "तू सांगतोस का मी सांगू?"

वडिलांनी सांगितलं. बाभूळ नव्हतीच. डुक्कर हाक्यातून सुटून बंदुकीच्या पुढ्यात आलं, इनामदारानं गोळी घातली, ती डुकराला चुकली. डुकराच्या मागं हाकेवाले होते, ओरडत येणारे. गोळी आज्ज्याच्या मांडीतून गेली. दुसऱ्या दिवशी इनामदाराकडून निरोप आला, पोलीस पाटलानं विचारलं तर झाडावरून पडला म्हणायचं. आज्जीनं तसं सांगितलं. मग पोरांनाही तसंच सांगायला लावलं, म्हणजे पोरं बाहेर कुठं खरं बोलायची नाहीत. पुढं ते घरात तसंच राहिलं. "तू त्यात डुक्कर घातलंस, काटे घातलेस," वडील म्हणाले. "लोक हसायचे. मला वाटायचं, हसतायत तर हसू दे."

नाना तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. आज्ज्याला बाजेवर घालून आणलेलं त्यांनी बघितलं होतं. "इनामदार वाईट व्हता असं बी न्हाई," ते म्हणाले. "त्याला डुक्कर दिसत व्हतं. मागं मानूस हाय, हे धरायची रीतच नव्हती. म्या फौजेत गेलो ते बंदूक आतून बगायची म्हनून. लई बगितली. आत काय न्हाई. जे हाय ते मागं हाय."

आज्ज्याला लागलेली गोळी या चव्वेचाळीसचीच का, असं मी विचारलं. ते ठावं न्हाई, नाना म्हणाले, इनामदाराकडं चार बंदुका होत्या. तीस-तीसची गोळी इथवर येईल आणि पुढंही जाईल. चव्वेचाळीसची दमेल, पण इथवर येईल. बारा बोरचा छर्रा ओढ्याच्या पलीकडं फार जायचा नाही. एवढं सांगून ते उठले. घेऊ नको असं म्हणाले नाहीत. "माजं काम झालं. बोर तू लिव." मी अर्ज आधीच देऊन बसलोय हे सांगायला मी तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "पोच खिशातनं बाहेर आलीय तुजी, नीट ठिव."

परत जाताना ते रस्त्यानं गेले. मी मात्र एका चपलेवर आलो तसाच सरळ गेलो. का गेलो, सांगता येणार नाही. मचाणावर चढून समोर बघितलं. भुईमूग दिसत होता, ओढा दिसत होता, बाभळी दिसत होत्या. बाज दिसत नव्हती. तिथून ती कधीच दिसली नसती.

दुसऱ्या दिवशी कलेक्टर कचेरीत गेलो. तिथला कारकून म्हणाला, दिलेल्या अर्जातला बोर असा बदलता येत नाही, वेगळा अर्ज द्या आणि कारण लिहा. मी तिथल्याच बाकावर बसून लिहिलं. आधी एक लांबलचक वाक्य लिहिलं, सोसायटीच्या ठरावासारखं, सबब, उपरोक्त, वगैरे. ते खोडलं. मग लिहिलं: चव्वेचाळीसऐवजी बारा बोर मिळावा. कारण, मागे वडील असतात.

कारकुनानं ते दोनदा वाचलं. तुमचे वडील डुकराच्या मागं कशाला उभे राहतात, त्यानं विचारलं. राहत नाहीत, मी म्हणालो, बसलेले असतात. त्यानं माझ्याकडं बघितलं, शिक्का मारला आणि कागद फाइलला लावला.

परवाना हातात आला तोवर पाऊस पडून गेला होता, छावणी उठली होती आणि भुईमूग डुकरांनी सावकाशीनं संपवला होता. नानांनी माझ्यासाठी बारा बोरची एक साधी एकनळी निवडून दिली. घोड्याखाली कडी नाही, हिसका नाही. मोडायची, एक काडतूस घालायचं, मिटायची. आजवर ती मी हवेत सहा-सात वेळा उडवली असेल. घरी आणली त्या दिवशी बायकोनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "आता सदरा तरी वाचंल." चव्वेचाळीस पुढं कुणी नेली ते कळलं नाही. चाचांना विचारायचं मी टाळलं.

नाना शेवटची दोन वर्षं दम्यानं अंथरुणाला होते. एका डोळ्यात मोतीबिंदू. एकदा भेटायला गेलो आणि सवयीनं बाजेच्या कडेला बसलो, दाराकडं तोंड करून. "समोर बस," ते म्हणाले. मी दचकलोच. "कडंचं काय दिसंना मला." मी समोर बसलो. इतक्या वर्षांत त्यांचं तोंड असं पूर्ण, समोरून मी पहिल्यांदाच बघत होतो. डाव्या भुवईत एक बारीक व्रण होता, तोही मला माहीत नव्हता.

नळी पुसतोस का, त्यांनी विचारलं. पुसतो म्हणालो. काडतुसं वेगळ्या कपाटात ठेवतोस का. ठेवतो. मग दम खात त्यांनी विचारलं,

"आज्ज्याची गोष्ट सांगतोस का आता?"

छावणीच्या त्या सकाळपासून मी ती एकदाही सांगितली नव्हती. लग्नात लोक आग्रह करत, मी घसा बसलाय म्हणायचो. सांगत नाही, असं नानांना सांगितलं.

"सांग," ते म्हणाले. "झाडाची नगंस सांगू. खरी सांग. पन हसवून सांग. रडून सांगितलं की लोक मान हलवत्यात आन निगून जात्यात."

ते गेले तेव्हा बँकेचा नवा गार्ड आला होता, बंदूक घेऊन, गणवेशात. अंगणात गर्दी होती. तो उभा राहिला आणि त्यानं नळीचं तोंड अंगणातल्या लिंबाच्या शेंड्याकडं केलं. त्याला ते कुणी शिकवलं हे विचारायची गरज नव्हती.

दर काही वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण येतं. माझी फाइल आता जाड झाली आहे आणि तो कागद अजून तिच्यात आहे. गेल्या खेपेला तिथं एक तरुण बाई होत्या. त्यांनी तो वाचला आणि हसू दाबत विचारलं, "वडील आहेत का अजून मागे?" वडील जाऊन चार वर्षं झाली, मी सांगितलं. त्या गडबडल्या, मग म्हणाल्या, तसं असेल तर बोर बदलायचा अर्ज तुम्हाला पुन्हा देता येतो. मी म्हणालो, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मचाणाच्या जागेवरून निघालो. मचाण आता नाही, बांध आहे. ओढा, कुंपण, बाभळी. कुंपण तारेचं झालंय; खालून सरपटत गेलो, आणि या वयात सरपटताना पँट फाटते हे नमूद करून ठेवतो. गायरानाच्या चढावर घरकुलांची ओळ झाली आहे. पहिल्या घराच्या अंगणात, साधारण जिथं बाज होती तिथं, एक बाई वाळवण घालत होती. मी तिच्याकडं पाणी मागितलं.

तिनं तांब्या दिला आणि माझ्या पँटीकडं बघत विचारलं, "कुटून आलात?"

"रानातून," मी म्हणालो. "सरळ."